लहान पक्ष्यांचे शरीर आणि त्यांचे उड्डाण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात लहान पक्ष्यांच्या पंखांविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. पंख जितका लांब तितके उड्डाण सरस, असा त्या टिपणाचा सूर अनेक वाचकांना जाणवला आणि त्यावर बरीच पत्रे आली. एका मापावरून पक्ष्याच्या उड्डाणाची परीक्षा करता येत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. म्हणून त्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : पाकोळीचे पंख शरीराच्या मानाने फार लांब असतात आणि ती किती सफाईने उडते हे आपण पाहतोच. मग शिंपी, वटवट्या किंवा चिमणी यांचे पंख आखूड का राहिले? लांब पंख त्यांनाही उपयोगी पडले नसते का?

उत्तर : पडले नसते, कारण या पक्ष्यांना पाकोळीचे काम करायचे नसते. ‘उत्तम उडणे’ असे आपण सहज म्हणतो, परंतु त्यात अनेक वेगवेगळ्या क्षमता एकत्र झालेल्या असतात. सरळ रेषेत वेगाने जाणे, कमीत कमी शक्ती खर्चून लांबचा पल्ला गाठणे, बसल्या जागेवरून क्षणार्धात तिरके वर उसळणे, फांद्यांच्या गर्दीत अरुंद वळण घेणे आणि हवेत एका जागी तरंगत राहणे, या सर्वांसाठी शरीराची ठेवण निरनिराळी लागते. एका कामाला पोषक असणारी ठेवण दुसऱ्या कामाला बऱ्याचदा मारक ठरते.

यातील पहिली महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंखभार. पक्ष्याच्या वजनाला त्याच्या पंखांच्या क्षेत्रफळाने भागले की पंखभार मिळतो. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला किती वजन उचलावे लागते हे त्यावरून कळते. पंखभार जास्त असेल तर हवेत टिकून राहण्यासाठी पक्ष्याला अधिक वेगाने उडावे लागते आणि त्याचे वळणही मोठे होते. हे नाते ठरलेले आहे. पंख तेवढेच राहून वजन २० टक्क्यांनी वाढले, तर हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढतो आणि शक्य असलेल्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या जवळपास २० टक्क्यांनी वाढते. लहान पक्ष्यांना येथे निसर्गतःच एक सवलत मिळालेली आहे. शरीराची लांबी दुप्पट झाली की पंखाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. म्हणजे आकार वाढेल तसा पंखभारही वाढत जातो. दहा-पंधरा ग्रॅमचा पक्षी जमिनीवरून जवळजवळ उभा वर चढू शकतो आणि गिधाडाला मात्र धावत जाऊन हवेत शिरावे लागते, याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट पंखाच्या आकाराची. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाकडून वर येण्याचा प्रयत्न करते, त्यामुळे टोकाशी भोवरे तयार होतात आणि त्यांत शक्ती वाया जाते. पंख लांब व अरुंद असेल तर हा अपव्यय कमी होतो. पाकोळीचा पंख कोयत्यासारखा लांब आणि अणकुचीदार असतो तो यामुळेच. युरोपातील सामान्य पाकोळीच्या पाठीवर अगदी हलकी उपकरणे बसवून स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की काही पाकोळ्या वर्षातील १० महिने एकदाही खाली न बसता हवेतच राहतात. सुमारे ४० ग्रॅम वजनाच्या याच पक्ष्याचा सपाट उड्डाणातील वेग ताशी १११ किलोमीटरच्या वर मोजला गेला आहे.

असा पंख शिंप्याला दिला तर काय होईल? लांब पंख हलवायला जड असतो, कारण त्याचे वस्तुमान खांद्यापासून दूर पसरलेले असते. त्याची फडफड मंद होते आणि थांबलेल्या अवस्थेतून एकदम वेग पकडणे कठीण जाते. दाट झुडपात तो फांद्यांना अडकेल हे वेगळेच. शिंप्याचे आयुष्य पानांच्या आड, काही हातांच्या अंतरात उड्या घेत जाते. शिक्रा हा शिकारी पक्षी झडप घालतो तेव्हा शिंप्याच्या हाती अर्धा क्षण असतो, आणि त्या अर्ध्या क्षणात पहिल्या एक-दोन फडफडींनीच पुरेसा जोर निर्माण व्हावा लागतो. टोकाशी गोलाई असलेला आखूड, रुंद पंख हे काम करतो. युरोपातील स्टारलिंग या मैनेच्या कुळातील पक्ष्यांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे स्पष्ट दिसले. एकाच जातीच्या पक्ष्यांमध्ये पंखांच्या टोकांत थोडा फरक असतो; ज्यांची टोके अधिक गोल होती ते उड्डाण घेताना अधिक तिरक्या कोनाने वर चढले.

स्थलांतर करणाऱ्या आणि न करणाऱ्या पक्ष्यांतही हाच भेद आढळतो. एकाच जातीतील जे समूह दूरवर प्रवास करतात त्यांचे पंख टोकदार असतात, आणि वर्षभर एका जागी राहणाऱ्या समूहांचे गोलसर असतात. ब्लॅककॅप हा वटवट्याच्या नात्यातला युरोपीय पक्षी याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

प्रश्न : ही सर्व मापे जिवंत पक्ष्यावर घेतात तरी कशी? आणि पंख मोजता येतो हे मान्य केले, तरी ‘उड्डाणाची क्षमता’ कशी मोजतात?

उत्तर : पंख मोजणे तुलनेने सोपे आहे. जाळीत पकडलेला पक्षी हातात धरून, मिटलेल्या पंखाच्या सांध्यापासून सर्वांत लांब पिसाच्या टोकापर्यंतचे अंतर पट्टीने मोजतात. मग पंख पसरून कागदावर त्याची बाह्यरेषा काढतात किंवा छायाचित्र घेतात, त्यावरून क्षेत्रफळ काढता येते. पंख किती टोकदार आहे हे पाहण्यासाठी मिटलेल्या पंखात सर्वांत लांब पीस आणि आतल्या बाजूच्या दुय्यम पिसांतील पहिले पीस यांच्या टोकांमधील अंतर घेतात. हे अंतर पंखाच्या लांबीशी ताडून जो निर्देशांक मिळतो, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात १०,००० हून अधिक जातींसाठी काढण्यात आला. विषुववृत्ताजवळच्या जातींत तो सर्वसाधारणपणे कमी आणि ध्रुवांकडे जाताना वाढत गेलेला दिसतो, कारण तिकडच्या पक्ष्यांना ऋतुमानाप्रमाणे दूर जावेच लागते.

क्षमता मोजणे अवघड, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. उड्डाण घेण्याची क्षमता पाहण्यासाठी पक्ष्याला उंच, पारदर्शक बाजूंच्या पेटीच्या तळाशी सोडतात आणि तो वर जाताना वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करतात. त्यावरून चढण्याचा कोन आणि वेग मिळतो. हमिंगबर्डच्या बाबतीत याहून कल्पक युक्ती वापरतात. पक्ष्याच्या गळ्यात सैल दोरा घालतात आणि त्या दोऱ्यात ठरावीक अंतरावर मणी ओवलेले असतात. पक्षी वर जाऊ लागला की एकेक मणी जमिनीवरून उचलला जातो आणि ओझे वाढत जाते. पुढचा मणी जेथे उचलला जात नाही, तेथे त्या पक्ष्याच्या स्नायूंची कमाल ताकद कळते.

या युक्तीतून जे हाती लागले ते मागील अंकातील टिपणाला थेट छेद देणारे आहे. ॲना हमिंगबर्ड या जातीच्या २० नरांच्या मुक्त हालचाली अनेक कॅमेऱ्यांनी टिपून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणता नर वेगाने पुढे झेपावतो, कोणता चटकन थांबतो, कोणता घट्ट वळण घेतो, याचा त्यांच्या शरीराच्या निरनिराळ्या मापांशी ताळा घालून पाहिला, तेव्हा पंखांच्या मापांपेक्षा ओझे उचलण्याची ताकद हाच अधिक विश्वासार्ह निकष ठरला. ज्याचे स्नायू बळकट, तो बहुतेक हालचालींत पुढे. म्हणजे एकाच जातीच्या दोन पक्ष्यांत पट्टीने मोजता येणारा फरक फारसा नसेल, तरी पट्टीला न दिसणारा स्नायूंचा फरक निर्णायक ठरू शकतो.

हेच काम पुढे २५ जातींच्या २०० हून अधिक हमिंगबर्डवर करण्यात आले आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जड जाती सुस्त असतील अशी अपेक्षा साहजिक होती. प्रत्यक्षात मोठ्या जाती अधिक चपळ निघाल्या, कारण शरीर वाढले त्या प्रमाणापेक्षाही त्यांचे पंख आणि स्नायूंची ताकद अधिक वाढलेली होती. आणखी एक बारकावा तेथे पुढे आला. जातीजातींत एकदम वेग घेण्याची क्षमता बदलली ती मुख्यतः स्नायूंमधील बदलांमुळे, तर चटकन गिरकी घेण्याची आणि वळण्याची क्षमता बदलली ती पंखांच्या ठेवणीमुळे. केवळ पंख मोजून जे उड्डाणाचे अंदाज बांधतात त्यांनी, आणि केवळ वजन मोजून बांधतात त्यांनीही, हा निष्कर्ष समोर ठेवायला हवा.

प्रश्न : शिंजीरही फुलासमोर क्षणभर तरंगतो, पण हमिंगबर्डसारखा बराच वेळ तरंगू शकत नाही. दोघेही लहान, दोघेही मधावर जगणारे. फरक कोठे आहे?

उत्तर : फरक खांद्यात आणि छातीत आहे. पक्ष्याच्या उरोस्थीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, दोन प्रमुख स्नायू असतात. वरचा मोठा स्नायू पंख खाली ओढतो. त्याच्या आत दडलेला लहान स्नायू पंख वर उचलतो. तो स्वतः छातीत असूनही पंखाला वरून खेचू शकतो, कारण त्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट धागा, खांद्याच्या हाडांमधील एका छिद्रातून कप्पीवरच्या दोरासारखा वळून वर जातो. बहुतेक लहान पक्ष्यांत पंख वर नेताना तो अर्धवट मिटला जातो आणि तेवढा वेळ वजन उचलण्याचे काम जवळपास बंद राहते. हमिंगबर्डच्या पंखाचा मनगटाकडचा भाग फार मोठा आणि बाहूचे हाड अगदी आखूड असते. वर जातानाही त्याचा पंख पसरलेलाच राहतो आणि खांद्यात फिरून उलटा होतो, त्यामुळे त्या वेळीही हवा खाली ढकलली जाते. २००५ मधील मोजमापांनुसार तरंगत्या हमिंगबर्डच्या वजनापैकी सुमारे ७५ टक्के भार पंख खाली येताना आणि सुमारे २५ टक्के पंख वर जाताना पेलला जातो. साहजिकच पंख उचलणारा स्नायू त्याच्यात इतर पक्ष्यांच्या मानाने बराच मोठा असतो. शिंजिराला ही सोय नाही. तो तरंगतो ते मोठ्या श्रमाने, आणि म्हणूनच संधी मिळताच फुलाजवळच्या देठाला धरून बसतो. त्याचे पाय त्यासाठी चांगले मजबूत असतात.

प्रश्न : चिमण्या, मुनिया आणि धोबी उडताना वरखाली हेलकावे खात का जातात?

उत्तर : हे पक्षी काही वेळ पंख फडफडवतात आणि मग ते अंगाशी पूर्ण मिटून टाकतात, फडफडताना वर चढतात, मिटल्यावर खाली येतात. पंख मिटलेले असताना त्यांच्यावर होणारा हवेचा रोध वाचतो, त्यामुळे जास्त वेगात ही पद्धत किफायतशीर ठरते. परंतु हे पक्षी कमी वेगातही असेच उडतात, तेव्हा स्पष्टीकरण एवढ्यावर संपत नाही. स्नायू आकुंचनाच्या ठरावीक वेगालाच सर्वांत चांगले काम देतो. लहान पक्ष्याकडे लागते त्याहून जास्त शक्ती शिल्लक असते. फडफड मंद करून ती वाया घालवण्यापेक्षा पूर्ण जोराने फडफडून मग थांबणे त्याला परवडते, असे मानले जाते. मुनियाच्या कुळातील झेब्रा फिंचवर हवेच्या बोगद्यात, म्हणजे ठरावीक वेगाने वारा सोडलेल्या बंद दालनात, केलेल्या प्रयोगांतून हेही दिसले, की पंख मिटलेले असताना नुसते धड आणि शेपूटसुद्धा थोडा भार पेलते. मोठ्या पक्ष्यांकडे शक्तीची अशी शिल्लक नसते, म्हणून ते पंख मिटून घेत नाहीत. ते पसरलेल्या पंखांनी तरंगत विश्रांती घेतात.

प्रश्न : भरपूर खाऊन जाड झालेला पक्षी शिकाऱ्याला सहज सापडतो का? तसे असेल तर स्थलांतरापूर्वी पक्षी इतकी चरबी का साठवतात?

उत्तर : प्रश्नातच अडचणीचे मर्म आले आहे. भूक आणि शिकारी या दोन्हींच्या मध्ये लहान पक्ष्याला आपले वजन सांभाळावे लागते, आणि ही तडजोड तो रोज नव्याने करतो. थंडीच्या दिवसांत सायंकाळी त्याच्या अंगावर चरबी असते, कारण रात्र काढायची असते. सकाळी ती संपलेली असते.

वजन वाढल्याने नेमके काय बिघडते हे १९९६ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ब्लॅककॅपवर तपासले. शिकारी पक्ष्याची प्रतिकृती अंगावर येताना दाखवून पळून जाणाऱ्या ब्लॅककॅपचे चित्रण करण्यात आले. चरबीविरहित वजनाच्या ६० टक्के इतकी चरबी अंगावर असलेल्या पक्ष्याचा चढण्याचा कोन सुमारे ३२ टक्क्यांनी आणि वेग सुमारे १७ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. जीव वाचवण्याच्या त्या पहिल्या क्षणात एवढी घट मोठीच म्हणावी लागेल.

पक्ष्यांना याची जाण असल्यासारखे ते वागतात. इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या विथम जंगलात ग्रेट टिट या लहान पक्ष्याची अनेक दशके मोजणी चालली आहे. शेतीतील कीटकनाशकांमुळे १९६०च्या सुमारास शिक्र्याचा जातभाई स्पॅरोहॉक तेथून नाहीसा झाला होता आणि १९७०च्या दशकात परतला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार शिकारी नव्हता त्या वर्षांत ग्रेट टिट हिवाळ्यात अधिक जड होते, आणि तो परतल्यावर पुन्हा सडपातळ झाले. अन्नाची टंचाई नसतानाही अंगावर चरबी न ठेवणे हा येथे बचावाचाच एक भाग होता. बागेत दिसणारा बारीक पक्षी उपाशीच असेल असे समजू नये, ते यासाठी.

स्थलांतर करणाऱ्यांसमोर मात्र पर्याय नसतो. सुमारे १२ ग्रॅम वजनाचा ब्लॅकपोल वॉर्ब्लर उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून निघून अटलांटिक महासागरावर २,२७० ते २,७७० किलोमीटर न थांबता उडतो आणि दोन-तीन दिवसांनी कॅरिबियन बेटांवर उतरतो. २०१५ मध्ये हे प्रत्यक्ष नोंदींनी सिद्ध झाले. मध्ये उतरायला जागा नाही, म्हणून निघण्यापूर्वी तो जवळपास दुप्पट वजनाचा होतो. या काळात त्याच्यासारखे पक्षी चपळता गमावतात आणि झाडीच्या आडोशाला राहून ती उणीव भरून काढतात.

मादीच्या बाबतीत अशीच स्थिती अंडी घालण्याच्या दिवसांत येते. अंड्याचे वजन तर असतेच, शिवाय त्या काळात छातीच्या स्नायूंतील प्रथिनेही काही प्रमाणात खर्ची पडतात, त्यामुळे उड्डाण घेण्याची तिची क्षमता घटते. स्टारलिंगवर आणि झेब्रा फिंचवर हे मोजून पाहिलेले आहे.

प्रश्न : पिसे झडतात त्या काळात पक्षी कसे निभावतात? आणि लांब शेपटीचे ओझे नराला जाचत नाही का?

उत्तर : पिसे एकदम झडत नाहीत. दोन्ही पंखांतील जुळणारी पिसे एकाच वेळी गळतात आणि त्यांच्या जागी नवी वाढत असताना पुढची गळतात. त्यामुळे तोल राहतो, पण पंखात फट पडतेच आणि क्षेत्रफळ घटते. ट्री स्पॅरो या चिमणीच्या जातभाईवर स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की या काळात हे पक्षी वजन कमी करतात आणि त्याच वेळी शरीराच्या मानाने छातीचे स्नायू वाढवतात. पंख लहान झाला म्हणून भार कमी केला आणि जोर वाढवला, असा हा हिशेब आहे. शरीराची मापे ठरलेली आणि अचल आहेत असे गृहीत धरून उड्डाणाचा विचार करणे किती अपुरे ठरते, ते यावरून लक्षात यावे.

शेपटीबद्दल सांगायचे तर भिंगरीच्या दुभंगलेल्या शेपटीचे उदाहरण सर्वांत चांगले अभ्यासलेले आहे. तिची बाहेरची दोन पिसे लांब तारांसारखी असतात. नराच्या या पिसांची लांबी थोडी थोडी कमी करत त्याला अडथळ्यांतून उडवून पाहिले, तेव्हा सुमारे एक सेंटिमीटर कापेपर्यंत त्याची वळण्याची क्षमता सुधारत गेली; त्यापुढे कापल्यावर ती बिघडली. याचा अर्थ शेपटीची बरीचशी लांबी उड्डाणासाठी उपयुक्तच आहे, आणि शेवटचा एक सेंटिमीटर मादीला आकर्षित करण्यासाठी वाढलेला, उड्डाणाला थोडा जाचणारा भाग आहे. लांब शेपूट म्हणजे निव्वळ ओझे किंवा निव्वळ शोभा, असे एकेरी उत्तर येथे लागू पडत नाही.

प्रश्न : उड्डाण घेताना पायांचा काही उपयोग होतो का?

उत्तर : फार मोठा. स्टारलिंग आणि लावा यांच्यावर २००० मध्ये झालेल्या मोजमापांत जमीन सोडतेवेळच्या वेगापैकी ८० ते ९० टक्के वेग पायांच्या उडीतून आलेला होता. पंखांचे काम त्यानंतर सुरू होते. झेब्रा फिंचमध्येही सुरुवातीचा जोर पायांचाच असतो.

प्रश्न : माणसामुळे पक्ष्यांच्या शरीरात आणि पर्यायाने उड्डाणात बदल होत आहेत, असे वाचले. एवढ्या थोड्या काळात हे शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, आणि त्याचे दोन अभ्यास मला विशेष महत्त्वाचे वाटतात. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात चार्ल्स ब्राऊन आणि मेरी ब्राऊन हे संशोधक क्लिफ स्वॅलो या भिंगरीच्या जातीचा तीस वर्षे अभ्यास करत होते. हे पक्षी पुलांखाली आणि रस्त्यालगतच्या मोऱ्यांत मोठ्या वसाहती करून राहू लागले होते. ज्या रस्त्यांवरून हे दोघे संशोधक नेहमी जात, त्या रस्त्यांवर वाहनांखाली मेलेले पक्षी त्यांनी दरवर्षी नोंदवले आणि मोजले. पक्ष्यांची संख्या वाढत असूनही मेलेल्यांची संख्या वर्षागणिक घटत गेली. मेलेल्या पक्ष्यांचे पंख वसाहतीतील इतर पक्ष्यांपेक्षा लांब होते, आणि वसाहतीतील पक्ष्यांच्या पंखांची सरासरी लांबी काळाबरोबर कमी होत गेली. आखूड पंखाचा पक्षी रस्त्यावरून अधिक उभा वर उसळू शकतो आणि चटकन वळतो, म्हणून तो वाहनापासून वाचला असावा, असे स्पष्टीकरण त्यांनी २०१३ मध्ये मांडले. कडाक्याच्या थंडीसारखी इतर कारणेही पंखांच्या लांबीवर परिणाम करत असू शकतात, हे लक्षात घ्यायला हवे. तरी मेलेल्यांचे आणि जिवंतांचे पंख वेगळे असणे ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

दुसरा अभ्यास शिकागो शहरातील. तेथील फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड १९७८ पासून उंच इमारतींच्या काचांवर आदळून मेलेले स्थलांतरी पक्षी गोळा करून प्रत्येकाची मापे घेत आले. २०१६ पर्यंतच्या ५२ जातींच्या ७०,७१६ पक्ष्यांचे विश्लेषण २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पायाच्या हाडाची लांबी सरासरी २.४ टक्क्यांनी घटली होती, म्हणजे शरीरे लहान झाली होती. पंख मात्र १.३ टक्क्यांनी लांब झाले होते. तापमान वाढले की शरीर लहान होते असे मानले जाते. लहान शरीराकडे प्रवासासाठी ताकद आणि साठा दोन्ही कमी, म्हणून पंख लांबून त्याची भरपाई होत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे.

या दोन अभ्यासांतील पंख परस्परविरुद्ध दिशांनी बदलले, यात विसंगती नाही. एका ठिकाणी निवड होत होती ती अरुंद रस्त्यावरून उसळण्याच्या क्षमतेची, दुसरीकडे हजारो किलोमीटर जाण्याच्या क्षमतेची.

प्रश्न : घरट्यातून बाहेर पडलेली पिल्ले नीट उडता येत नसताना जमिनीवर का सापडतात? ती पडलेली असतात की निघालेली?

उत्तर : अंगावर पिसे असलेले आणि टुणटुण उड्या मारणारे पिल्लू बहुधा आपणहून निघालेले असते. घरटे हे सर्वांत धोक्याचे ठिकाण असते. एका साप किंवा मुंगसाने सगळी पिल्ले एका वेळी संपतात. ज्या जातींच्या घरट्यांवर हल्ले जास्त, त्यांची पिल्ले पंख पुरते वाढण्याआधीच बाहेर पडतात. गाणाऱ्या पक्ष्यांवरील २०१८ मधील अभ्यासात असे दिसले, की लवकर निघणाऱ्या जातींच्या पिल्लांचे पंख आखूड असतात, त्यांचे उड्डाण कमकुवत असते आणि पहिल्या काही दिवसांत ती अधिक मरतात. पिल्लांना सुरक्षित कुंपणात आणखी थोडे दिवस ठेवून मग सोडले, तेव्हा त्यांतील अधिक पिल्ले जगली. आई-बापाला मात्र सगळी पिल्ले एका घरट्यात ठेवण्याचा धोका पत्करण्यापेक्षा त्यांना विखरून ठेवणे सोयीचे असते.

म्हणून असे पिल्लू सापडले तर त्याच्या पंखाकडे पाहावे. उड्डाणपिसांच्या तळाशी निळसर आवरणे अजून दिसत असतील, तर पिसे वाढत आहेत. अशा पिल्लाला मांजर-कुत्र्यापासून दूर, जवळच्याच झुडपाच्या फांदीवर ठेवावे आणि लांब व्हावे. त्याचे आई-बाप आवाजाच्या खुणेने येऊन त्याला भरवतात. जातीनुसार थोडा फरक पडत असला, तरी काही दिवसांतच त्याचे पंख पुरेसे वाढतात. अंगावर पिसेच नसलेले पिल्लू असेल तर मात्र ते खरोखर पडलेले असते, आणि घरटे पोहोचण्याजोगे असल्यास त्याला परत आत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप त्याला टाकून देत नाहीत.